उत्कृष्ट खेळाडूची मतं शेवटची शिट्टी वाजल्यावरच घ्या

खणभागचा जुना बॅक

आपल्या सांगलीच्या फुटबॉल लीगचे अजून दोन रविवार शिल्लक आहेत. आठातल्या तीन संघांना चषकाची आशा आहे. उत्कृष्ट खेळाडू कोण, हे मात्र गुरुवारीच ठरलं. समितीतले तिघं बसले आणि अर्ध्या तासात नाव निघालं: विश्रामबागचा नऊ नंबर, १७ गोल. एवढी घाई कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळालं की करंडकाच्या पट्टीवर नाव कोरायला टाकायचंय.

त्या पोरावर माझा राग नाही. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवसभर राबून संध्याकाळी सरावाला येतो, कधी चुकवत नाही. पण हंगाम संपायच्या आधी हंगामाचा खेळाडू ठरवायचा, ही पद्धतच मला मान्य नाही.

२००२ च्या वर्ल्ड कपात हेच झालं. जर्मनीचा गोली ऑलिव्हर कान याला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल मिळाला, आणि मतं फायनलच्या आधीच पडलेली. फायनलला रिवाल्डोचा फटका कानच्या हातून सुटला, रोनाल्डोनं तो आत ढकलला. ब्राझील २-० नं जिंकलं, दोन्ही गोल रोनाल्डोचे. २००६ ला फ्रान्सचा झिदान. फायनलमध्ये इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं हाणलं, ११० व्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी गोल्डन बॉल त्याचाच. कारण बऱ्याच पत्रकारांनी मतं आधीच देऊन टाकलेली. कान कमी होता असं मी म्हणत नाही, जर्मनीला फायनलपर्यंत त्यानंच नेलं. पण सगळ्यात मोठा सामना मोजायचाच नसेल तर तो खेळायचा कशासाठी?

दुसरं. उत्कृष्ट खेळाडू म्हणजे जास्त गोल मारणारा, हे कुणी ठरवलं? माधवनगरचा एक नंबर, म्हणजे त्यांचा गोली, बघा. १२ सामन्यांत ७ गोल खाल्लेत. विश्रामबागशी दोन सामने झाले, दोन्हींत नऊ नंबरला एकही गोल करू दिला नाही. मी पंधरा वर्षं बॅकला खेळलोय. मागून गोलीचा आवाज खणखणीत असला की बॅकचं निम्मं काम होतं. 'डावीकडं बघ', 'अंगावर जा', 'सोड, माझा'. हा पोरगा नव्वद मिनिटं बोलत असतो, आणि 'माझा' म्हणाला की बॉल त्याचाच असतो. मागच्या रविवारी गावभागचा फॉरवर्ड एकटा सुटला होता. हा लाइन सोडून चार पावलं पुढं आला, हात पसरून उभा राहिला. समोरच्याला गोलच दिसेना, त्यानं घाईत बाहेर मारला. सामन्याच्या वहीत काय लिहिलं गेलं? 'फटका बाहेर.' गोलीच्या नावावर काहीच नाही.

माझी मागणी साधी आहे. मतं शेवटच्या सामन्यानंतर घ्या. ती आठही कॅप्टननी द्यावीत, आपल्या संघाला सोडून. जास्त गोलवाल्याला वेगळा करंडक खुशाल द्या.

विश्रामबागचा प्रशिक्षक

काका, तुमचा मान ठेवून बोलतो, पण पटलं नाही.

फुटबॉलमध्ये सगळ्यात अवघड काम कुठलं? गोल करणं. नव्वद मिनिटं बावीस जणं पळतात आणि शेवटी १-० लागतं. त्या एकासाठी सगळा खेळ. नऊ नंबरच्या अंगाला प्रत्येक सामन्यात दोन बॅक चिकटलेले असतात. त्याच्या पिंडऱ्या बघा एकदा, हिरव्यानिळ्या झाल्यात. १७ गोल फुकट मिळालेले नाहीत.

आणि समितीची बाजू मी घेत नाही, पण एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. गोल मोजता येतो. सगळ्या मैदानासमोर होतो, पंच मधल्या वर्तुळाकडं बोट दाखवतो, वहीत लिहिला जातो. 'चांगला खेळला', 'मागून बोलतो', 'अंदाज चांगला' हे कशानं मोजायचं? जे मोजता येत नाही तिथं ओळखपाळख शिरते. आपल्याकडं कुठली निवड बिनवशिल्याची होते सांगा. मी स्वतः जिल्ह्याच्या निवडीतून बाहेर राहिलोय, का ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मला आकडा पाहिजे. माझ्या पोराचे १७ गोल कुणी खोडू शकत नाही.

राहता राहिला गोली. बॅलन डी'ऑर, फुटबॉलमधलं सगळ्यात मानाचं वैयक्तिक बक्षीस, १९५६ पासून देतात. इतक्या वर्षांत एकच गोली जिंकला, १९६३ ला लेव याशिन. पत्रकार काय उगीच मतं देत होते?

शिट्टी

मी या लीगमध्ये पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळं कोण श्रेष्ठ यावर मत देणार नाही. जे मैदानावर दिसतं ते सांगतो.

सर, १७ मधले ५ पेनल्टीचे आहेत, आणि ६ तळाच्या संघाविरुद्ध दोन सामन्यांत झालेत. त्या संघाला दोन्ही वेळेला नऊच जणं घेऊन उतरावं लागलं होतं, परीक्षा चालू होत्या. हे आकडे वहीतलेच आहेत. आकडा खोटं बोलत नाही हे मान्य, पण सगळं सांगतो असंही नाही.

दुसरं, नऊ नंबरला या हंगामात चार पिवळी कार्डं मिळालीत. त्यातली तीन फाउलची नाहीत, माझ्याशी किंवा लाइनमनशी घातलेल्या वादाची आहेत. बॅलन डी'ऑरचे नियम २०२२ ला बदलले. तेव्हा कॅलेंडर वर्षाऐवजी हंगाम धरायला लागले, आणि निकषांत स्वतःचा खेळ, मग संघाची कामगिरी, मग मैदानावरची वागणूक असा क्रम लावला. वागणूक तिसरी असली तरी यादीत आहे. आपल्या समितीच्या कागदावर ती कुठंच नाही.

विश्रामबागचा प्रशिक्षक

पंच साहेब, कार्डांचं मान्य. त्याला मी स्वतः एका सामन्यात बाहेर बसवलंय त्यासाठी. पेनल्टीचं मात्र मान्य नाही. पाचपैकी चार पेनल्टी त्यालाच पाडल्यामुळं मिळाल्या. पडायचं त्यानं, उठून मारायचं त्यानं, आणि वर म्हणायचं हे गोल हलके? सगळं गाव पाठीमागं ओरडत असताना अकरा मीटरवरून मारून बघा.

मिरज, रेल्वे कॉलनी

मी आता सत्तरीला आलो. आमच्या वेळेला करंडक कुणाला माहीत, स्टीलचा तांब्या नाहीतर पेला मिळायचा. आमच्याकडं एक रीत होती. फायनल झाली की हरलेल्या संघाचा कॅप्टन जिंकलेल्या संघातला एक जण निवडायचा आणि जिंकलेल्याचा कॅप्टन हरलेल्यातला. दोघांनाही पेला. सगळ्यांसमोर बोट दाखवून नाव घ्यावं लागायचं, त्यामुळं भलतंच नाव घ्यायला जीभ धजायची नाही. मला एकदा मिळाला तसा. ज्या सेंटर फॉरवर्डशी मी नव्वद मिनिटं खांद्याला खांदा लावून झुंजलो त्यानंच माझं नाव घेतलं. तो पेला अजून घरात आहे, नात त्यात दूध पिते.

गोल करतो तोच मोठा की अडवतो तो, यावर एक आठवण. १९६२ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये आपण दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून सोनं जिंकलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगचा. जर्नेलसिंग मूळचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक. डोक्याला टाके पडलेले, म्हणून त्याला फॉरवर्डला खेळवला, आणि तिथं त्यानं गोल केले. आता त्याला काय म्हणाल, बॅक की फॉरवर्ड? ज्या दिवशी संघाला जे लागतं ते जो देतो, तो खेळाडू. माझं मत जुन्या बॅकच्या पारड्यात, पण तुमच्या चिठ्ठ्याबिठ्ठ्या नकोत. उभं राहून नाव घ्या.

खणभागचा जुना बॅक

बाबा, तुमच्या पेल्याची गोष्ट वाचून बरं वाटलं.

सरांनी याशिनचं नाव काढलं ते बरं केलं, कारण तिथंच मुद्दा आहे. बॅलन डी'ऑरची मतं पत्रकार देतात. आता खेळाडू एकमेकांना मतं देतात तिथं काय होतं ते बघा. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंची संघटना १९७४ पासून बक्षीस देते. पहिल्याच वर्षी ते लीड्सच्या नॉर्मन हंटरला गेलं, तो बॅक. १९७६ ला पॅट जेनिंग्ज, गोली. १९७८ ला पीटर शिल्टन, गोली. पहिल्या पाच वर्षांत दोन गोली! २०१९ ला तिथल्या खेळाडूंनी व्हॅन डाइकला निवडलं, तोही बॅक. त्याच वर्षी बॅलन डी'ऑरला व्हॅन डाइक ६७९ गुण घेऊन दुसरा आला, मेस्सी ६८६. सात गुणांनी गेला. ज्याला त्याच्यासमोर बॉल घेऊन जावं लागतं त्याला कळतं तो काय आहे. प्रेस बॉक्समधून ते तितकं कळत नाही, आणि समितीच्या मांडवातून तर नाहीच नाही.

विश्रामबागचा प्रशिक्षक

काका, तुमचीच उदाहरणं तुमच्या अंगावर येतात. एक, १९७८ नंतर त्या खेळाडूंनी एकाही गोलीला निवडलेलं नाही. दोन, ते खेळाडूही वर्षानुवर्षं हंगाम संपायच्या आधीच मतं देत आलेत, एप्रिलमध्ये बक्षीस समारंभ व्हायचा. म्हणजे तुमची दुसरी मागणी धरायची तर पहिली सुटते.

आणि ७ गोल खाल्ले, याचं श्रेय एकट्या गोलीला का? त्याच्या पुढचे चार बॅक काय करत होते? तुम्ही स्वतः बॅक, तुम्हीच हे विसरावं? माधवनगरचा चार नंबर, तो उंच स्टॉपर, त्यानं किती हेडर काढलेत ते कुठं लिहिलंय? माझ्या १७ वर तुम्ही पाणी ओतता आणि त्यांचे ७ मात्र गोलीच्या पदरात टाकता. तो पण आकडाच की ओ.

खणभागचा जुना बॅक

हे मात्र खरं बोललात. ७ चा आकडा मी पुढं करायला नको होता. त्यात चार नंबरचा वाटा मोठा आहे आणि मला तो दिसला होता. इंग्लंडच्या तारखेचंही बरोबर, तिथंही ती खोट आहे. पण तिथं खोट आहे म्हणून आपणही ती ठेवायची का?

कुपवाडची एक नंबर

मी मुलींच्या संघात गोली आहे. काका आणि सर, दोघांशीही माझं थोडं भांडण आहे.

सर, याशिन एकटाच म्हणालात. नदीन अँगरर हे नाव कुणी घेतलं नाही. २०१३ ला फिफानं जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून जर्मनीच्या या गोलीला निवडलं. फिफाचं जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस तिच्याआधी कुठल्याही गोलीला मिळालं नव्हतं, पुरुषांतही नाही. त्या वर्षीच्या युरो फायनलला नॉर्वेला दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही तिनं अडवल्या, जर्मनी १-० नं जिंकली. माझ्या मोबाइलवर ते दोन बचाव आहेत, सामन्याच्या आदल्या रात्री बघते.

काका, तुम्ही म्हणता जास्त गोलवाल्याला वेगळा करंडक द्या. द्या. पण मला भीती आहे ती पुढच्या पायरीची. उद्या कुणीतरी म्हणेल, मग गोलीलाही वेगळा द्या, विषय मिटला. वेगळं पान मांडलं की मुख्य पंगतीत जागा ठेवायची गरज उरत नाही. बॅलन डी'ऑरवाल्यांनी २०१९ पासून गोलींसाठी याशिनच्या नावानं वेगळा करंडक सुरू केला. चांगलं केलं, पण आता मोठ्या बक्षिसाच्या वेळी लोक म्हणतात, गोलींसाठी आहे की वेगळा. आणि तो वेगळासुद्धा मुलींच्या गोलींना मिळायला २०२५ साल उजाडलं. मुख्य बॅलन डी'ऑर मुलींसाठी सुरू झाला २०१८ ला. पुरुषांच्या ६२ वर्षं मागून.

आपल्या लीगमध्ये आम्ही चार संघ, प्रत्येकी सहा सामने खेळलो, मुरमाच्या त्याच मैदानावर. माझी कोपरं हंगामभर सोललेली आहेत, हातमोज्यांची एक जोडी तीन महिन्यांत फाटते. आम्हाला एकच करंडक, मुलांच्या निम्म्या उंचीचा, आणि त्याचं नाव कुणी ठरवलं, कधी ठरवलं, हे आमच्या चारही कॅप्टनना माहीत नाही. तुम्ही सगळे नऊ नंबर आणि एक नंबरवर इतकं लिहिलंत, आमच्या बक्षिसावर एक ओळ नाही.

शिट्टी

ताई, तुमचं बरोबर आहे. मुलींचे सामने मीच घेतले आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

कोल्हापुरात नोकरीला, घर सांगलीत

तिकडं शाहू स्टेडियमवर सामना संपला की माइकवरून दोन नावं पुकारतात, सामनावीर आणि लढवय्या खेळाडू. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन्ही येतात. हा लढवय्या प्रकार मला फार आवडतो. हरलेल्या संघातल्या एखाद्या पोराला, ज्यानं जीव तोडून अडवलंय, त्याला त्या दिवशी मोकळ्या हातानं घरी जावं लागत नाही. स्पर्धेच्या शेवटी जागेप्रमाणं वेगळी बक्षिसंही असतात, गोली, बचाव, हाफ, फॉरवर्ड.

गोलीला मोठं बक्षीस देणं आपल्याकडं नवीन नाही. देशाच्या फुटबॉल महासंघाचा वर्षाचा खेळाडू २००९ ला सुब्रत पाल होता आणि २०१९-२० ला गुरप्रीतसिंग संधू, दोघेही गोली. गुरप्रीतला मतं क्लबच्या प्रशिक्षकांनी दिली होती. पुढच्या वर्षी संदेश झिंगन, तो स्टॉपर. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आठवा. आपल्या शेजारचा, कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता म्हणून आम्ही सगळे टीव्हीसमोर. तिन्ही सामने हरलो, गोल एकच झाला, कोलंबियाविरुद्ध जिक्सनसिंगचा. पण त्या संघातलं लोकांच्या तोंडी बसलेलं एक नाव गोली धीरजसिंगचं होतं. हरणाऱ्या संघातला गोली किती काम करतो ते त्या तीन सामन्यांत घराघरात कळलं.

विश्रामबागचा प्रशिक्षक

ताई, अँगररचं उदाहरण जोरदार आहे, मान्य. पण तिनं फायनलमध्ये दोन पेनल्टी अडवल्या, ते सगळ्या जगाला दिसलं. मी तेच म्हणतोय, दिसायला पाहिजे, मोजता यायला पाहिजे.

आता काकांना एक सांगतो. माधवनगरविरुद्ध नऊ नंबरला गोल नाही, हे तुम्ही दोनदा ऐकवलंत मैदानावर आणि एकदा इथं लिहिलंत. दुसरा सामना आम्ही १-० नं जिंकलो, तो गोल कसा झाला आठवतंय? बॉल उजवीकडं होता. नऊ नंबर मधून पहिल्या खांबाकडं धावला. चार नंबर आणि त्याच्या जोडीचा, दोघंही त्याच्यामागं गेले. गोलीही त्याच्याकडंच सरकला. मागं अकरा नंबर एकटा राहिला आणि त्यानं रिकाम्या गोलात टाकला. नऊ नंबरनं बॉलला पायसुद्धा लावला नाही. तुमच्या त्या गोलीसकट तिघांना त्यानं जागेवरून हलवलं. वहीत नाव अकरा नंबरचं.

खणभागचा जुना बॅक

सर! मग हे आधी का नाही सांगितलंत? सतराचा धोशा लावून बसलात आणि पोराची सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगताय.

मी तो सामना बघितलाय. दुसऱ्या बाजूला, झाडाखाली उभा होतो. अकरा नंबर मोकळा कसा राहिला म्हणून बॅकला शिव्या घातल्या मी. आता तुम्ही सांगितल्यावर ती धाव डोळ्यासमोर येतेय. बॅक म्हणून सांगतो, अशा फॉरवर्डचा त्रास गोल मारणाऱ्यापेक्षा जास्त. गोल मारणाऱ्याला धरता येतं, पण हा कुठं नेईल ते कळत नाही.

म्हणजे बघा, तुमच्या पोराचं मोठं काम वहीत नाही आणि माधवनगरच्या गोलीचंही नाही. दोन्ही कामं कुणाला माहीत आहेत? ज्यांना त्यांच्याविरुद्ध खेळावं लागलं त्यांना. माधवनगरच्या चार नंबरला विचारा नऊ नंबर काय आहे, आणि तुमच्या नऊ नंबरला विचारा तो गोली काय आहे. मी मतं कॅप्टनना द्या म्हणतो ते एवढ्यासाठी.

विश्रामबागचा प्रशिक्षक

मुद्दा लागला. पण वशिल्याची भीती जात नाही काका. समिती नको, कॅप्टन घ्या म्हणता. तिन्ही संघ चषकासाठी भांडतायत. त्यांचा कॅप्टन नऊ नंबरचं नाव चिठ्ठीत लिहीलच का? मुद्दाम वगळेल. आणि खालचे संघ आपसात ठरवतील, तू आमच्या पोराला दे, आम्ही तुमच्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय, दुसऱ्या खेळात, पण बघितलंय.

शिट्टी

ही भीती खोटी नाही. उपाय दोन आहेत, दोन्ही एकदम करावे लागतील.

चिठ्ठीवर एकच नाव लिहायला सांगितलं तर वगळणं सोपं असतं. पाच नावं क्रमानं लिहायला लावा. २०१९ च्या त्या बॅलन डी'ऑरला प्रत्येक पत्रकार पाच नावं द्यायचा, ६, ४, ३, २, १ असे गुण. एकानं मुद्दाम वगळलं तरी बाकीच्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचे गुण जमत जातात. आणि मतं देणारे वाढवा. आठ कॅप्टन आणि आठ प्रशिक्षक, वेगवेगळे बसून. सोळा चिठ्ठ्या झाल्या की दोघांच्या संगनमतानं फार काही हलत नाही.

चिठ्ठ्या मात्र नंतर सगळ्यांसमोर वाचा, कुणी कुणाला दिलं ते नावानिशी. रेल्वे कॉलनीच्या बाबांचं म्हणणं त्यात येतं. ज्यानं नऊ नंबरला पाचातही धरलं नाही त्याला मैदानभर लोकांच्या नजरेला नजर द्यावी लागेल.

मिरज, रेल्वे कॉलनी

वाचणार असाल तर चिठ्ठी चालेल. चष्मा असलेल्यालाच वाचायला बसवा, नावं चुकवू नका. पोरांना ते फार लागतं.

लीगचा हिशेबनीस

गुरुवारच्या तिघांत मी होतो. घाईचं खरं कारण सांगतो. प्रमुख पाहुणे दोनदा येणार नाहीत, मांडव आणि माइकचं भाडं एकाच दिवसाचं परवडतं, म्हणून बक्षीस समारंभ शेवटच्या सामन्यानंतर लगेच मैदानावरच असतो. करंडकवाला म्हणतो नाव आठ दिवस आधी द्या. गेली चार वर्षं असंच चाललंय, आणि कुणी विचारलं नाही म्हणून आम्हीही विचार केला नाही. कुणाचा वशिला नव्हता. पण तिघांनी मिळून सगळे सामने बघितलेले नाहीत हे खरं. मी स्वतः बारापैकी पाच फेऱ्या बघितल्यात. मुलींच्या करंडकाचं नाव आम्ही त्यांच्या एका प्रशिक्षकाला फोन करून घेतलं. ते चुकलं.

नाव दुकानात दिलंय, पण अजून कोरलेलं नाही. आज दुपारी जाऊन आलो. पट्टी वेगळी असते, मागून दोन स्क्रूंनी बसते. कोरी पट्टी लावून करंडक द्यायचा आणि नाव कोरून सोमवारी बसवायचं, हे तो करून देतो, वर पैसे नाहीत. म्हणजे त्या दिवशी पोराच्या हातात करंडक असेल, पट्टी कोरी असेल. चालणार असेल तर सांगा.

मतमोजणीला वेळ किती लागेल?

शिट्टी

सोळा चिठ्ठ्या, पाच-पाच नावं. पाहुण्यांच्या भाषणात होऊन जाईल.

खणभागचा जुना बॅक

कोरी पट्टी चालेल. नऊ नंबर निघाला तर फेटा मी बांधीन, आत्ताच सांगून ठेवतो.

कुपवाडची एक नंबर

आमच्या करंडकाचीही पट्टी कोरी ठेवा. आमचे चार कॅप्टन आणि चार प्रशिक्षक, आठ चिठ्ठ्या. पाच नावं नको, तीन पुरेत, चारच संघ आहेत. आणि पुढच्या वर्षी दोन्ही करंडक एका उंचीचे घ्या.

लीगचा हिशेबनीस

दोन्ही पट्ट्या कोऱ्या ठेवायला सांगितल्या. उंचीचं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घालतो, पैशांचा मेळ बसला तर याच वर्षी बदलून घेतो. दुकानदार मोठा करंडक रविवारपर्यंत राखून ठेवतोय.

विश्रामबागचा प्रशिक्षक

ठीक आहे, मतं शेवटच्या सामन्यानंतर, सोळा चिठ्ठ्या, सगळ्यांसमोर वाचन. मी चिठ्ठी देईन, आणि माझ्या पाचांत माधवनगरचा एक नंबर असेल, कितव्या जागेवर ते त्या दिवशी ऐका. पण जास्त गोलवाल्याचा करंडक त्याच दिवशी, त्याच मांडवात द्यायचा. १७ ची यादी सामन्यानिशी वाचायची, पेनल्टीचे पाच धरून.